वाद्य बांधायचंय, पण कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी बरीच वर्षं तंतुवाद्य वाजवते आणि शिकवते. गेले काही दिवस डोक्यात एक वाद्य घोळतंय, जे लाकडात बांधता येणार नाही. छेडलेल्या तारेचा आवाज, त्यावर लांबलचक मींड, आणि मुख्य तार वाजली की मागे दहा-बारा तरफा, म्हणजे सोबतीच्या बारीक तारा, आपोआप घुमतील. पण त्या तरफा वाजता वाजता वेगळ्या सुरांवर सरकवता यायला हव्यात. व्हीसीव्ही रॅक या पडद्यावर केबल जोडून आवाज घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये थोडे प्रयोग केले, मजा आली. मग अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरची नावं येऊ लागली. एक जण म्हणाला, खरं काम मॅक्समध्येच होतं. दुसरा म्हणाला, प्युअर डेटा फुकट असताना पैसे कशाला घालवता? तिसऱ्याने रिऍक्टरचं नाव सुचवलं. प्रोग्रामिंग येणाऱ्या मित्राचं म्हणणं, पडद्यावर तारा जोडत बसू नकोस, सरळ सुपरकोलायडर शीक, त्यात वाद्य कोड लिहून बांधतात. मला कोड लिहिता येत नाही. तुलना वाचण्यात आणि व्हिडिओ पाहण्यात महिने गेले, वाद्यातून एक सूरही निघालेला नाही. पुढे हे मंचावर वाजवायचं आहे आणि माझ्या दोन विद्यार्थ्यांनाही द्यायचं आहे. त्यांच्यातल्या एकाकडे लिनक्स आहे. चुकीची निवड झाली तर दोन-तीन वर्षं पाण्यात जातील, याची धास्ती वाटते. काय करू?

— तरफांच्या शोधात

उत्तर

प्रिय 'तरफांच्या शोधात',

महिने गेलेत, म्हणून उत्तर आधी देतो: प्युअर डेटा घ्या, आणि ते प्लगडेटा या नव्या रूपात घ्या. तुमच्या वाद्याची गरज, विद्यार्थ्यांचे संगणक आणि कोड न येणं, या तिन्ही गोष्टींना ते पुरं पडतं. आता कारणं सांगतो आणि तुम्ही कुठे अडाल तेही सांगतो, कारण अडणार आहात. तुम्ही वर्णन केलेलं वाद्य मला खरोखर ऐकायचं आहे, म्हणून हात राखून लिहीत नाही.

पहिल्यांदा त्या धास्तीबद्दल. १९५७ साली बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाकडून सूर काढून घेणारा 'म्युझिक' नावाचा प्रोग्राम लिहिला. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत छोटे ठोकळे एकमेकांना जोडून वाद्य तयार करायची पद्धत आली. एक ठोकळा लहर निर्माण करणार, दुसरा तिचा जोर कमी-जास्त करणार, तिसरा दोन लहरी मिसळणार. तुम्ही ज्या पाच नावांमध्ये अडकला आहात ती सगळी याच कल्पनेची लेकरं आहेत. बॅरी व्हर्को यांचं १९८६चं सीसाउंड त्याच घराण्यातलं. मिलर पकेट यांनी ऐंशीच्या दशकात पॅरिसच्या इर्कॅम या संशोधन संस्थेत मॅक्स लिहायला घेतलं, त्याला नाव दिलं ते मॅथ्यूज यांचंच. पुढे कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या विद्यापीठात असताना १९९६मध्ये त्यांनीच प्युअर डेटा नव्याने लिहिलं. मॅक्स आणि प्युअर डेटा दिसायला आणि वागायला इतकी सारखी आहेत, याचं कारण दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यातून आली आहेत.

तेव्हा तुम्ही डिले (आवाज थोडा उशिराने सोडणं) शिकलात, फिल्टर (आवाजातली काही कंपनं गाळणं) शिकलात, एन्व्हलप म्हणजे आवाजाचा चढ-उतार कसा आखायचा आणि फीडबॅक म्हणजे परत आत सोडलेला आवाज कसा ताब्यात ठेवायचा हे शिकलात, की ते ज्ञान तुमच्यासोबत कुठेही येतं. सोबत येत नाही ती फाईल. रिऍक्टरमध्ये बांधलेलं वाद्य प्युअर डेटात उघडत नाही, प्युअर डेटातलं सुपरकोलायडरमध्ये उघडत नाही. म्हणून निवड करताना विचार करायचा तो फाईलचा: ती कोणाच्या संगणकावर उघडेल आणि किती वर्षांनी उघडेल. त्याकडे पुढे वळतोच. त्याआधी तुमच्या वाद्याला काय लागतं ते पाहू, कारण वाचलेल्या तुलनांमध्ये ते तुम्हाला सापडलेलं नसणार. तिथे मॉड्यूल म्हणजे तयार ठोकळे किती, दिसतं कसं, कोणता नामांकित कलाकार वापरतो, हेच असतं. तुमच्या वाद्यासाठी खरा प्रश्न एकच आहे: निघालेला आवाज किती लवकर स्वतःकडे परत येऊ शकतो?

छेडलेल्या तारेचा आवाज तयार करायची एक सुंदर रीत केविन कार्प्लस आणि अॅलेक्स स्ट्राँग यांनी १९८३मध्ये प्रसिद्ध केली. समजा, आपण शंभर सॅम्पल, म्हणजे आवाजाच्या क्षणोक्षणीच्या नोंदी, मावतील एवढा डिले घेतला आणि तो क्षणभर नुसत्या खरखरीने भरला. ही झाली छेड. मग तो डिले गोल फिरवत वाचायचा, आणि प्रत्येक फेरीत शेजारच्या दोन सॅम्पलची सरासरी काढून ती परत आत सोडायची. बस्स, इतकंच. सरासरीमुळे दर फेरीला वरच्या कंपनांची धार थोडी बोथट होते, त्यामुळे आवाज सुरुवातीला झणझणीत येतो आणि विरताना मऊ होत जातो, अगदी खऱ्या तारेसारखा. डिलेची लांबी म्हणजे तारेची लांबी. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असतील, तर शंभर सॅम्पलचा फेरा साधारण ४४० हर्ट्झचा सूर देतो. लांबी कमी केली की सूर चढतो. वाजता वाजता लांबी सरकवली की मींड.

आता अडचण पाहा. प्युअर डेटा एकेक सॅम्पल मोजत बसत नाही. संगणकाचे श्रम वाचावेत म्हणून ते ६४ सॅम्पलचा गठ्ठा एकदम हाताळतं. त्यामुळे बाहेर पडलेला आवाज निदान ६४ सॅम्पलनंतरच परत आत येऊ शकतो. म्हणजे तुमची तार ६४ सॅम्पलपेक्षा आखूड होऊच शकत नाही. ४४,१०० भागिले ६४, साधारण ६८९ हर्ट्झ. ४४०ला षड्ज मानलात तर पंचम ६६०वर येतो, त्याच्या जरासं वर गेलं की तार चढायची थांबते. मींड घेत वर जाल आणि ती तिथेच अडकून बसेल. पॅचमध्ये, म्हणजे जोडलेल्या ठोकळ्यांच्या आराखड्यात, चूक दिसत नाही, एररचा संदेश येत नाही. नवखा माणूस इथेच हात टेकतो आणि 'याचा आवाज चांगला नाही' असं म्हणत दुसरं सॉफ्टवेअर शोधायला लागतो.

उपाय एका ओळीचा आहे. तारेचा लूप, म्हणजे आवाजाचा फेरा, सबपॅचमध्ये (पॅचच्या आतल्या छोट्या पॅचमध्ये) ठेवा आणि त्यात 'ब्लॉक' नावाचं ऑब्जेक्ट, म्हणजे ठोकळा, टाकून गठ्ठा ६४वरून ८वर आणा. मर्यादा साडेपाच हजार हर्ट्झच्या आसपास जाते, तुमच्या मुख्य तारेला त्यापलीकडे जायचं कारण नाही. गठ्ठा १ही करता येतो, पण संगणकावर भार उगाच वाढतो. तरफांचं तर आणखी सोपं. ज्या तरफा ६८९च्या खाली मिळवलेल्या राहणार आहेत त्यांना हे करायची गरजच नाही, त्या ६४वर खुशाल चालू द्या.

हीच कसोटी बाकीच्यांना लावून पाहू. मॅक्समध्येही असाच गठ्ठा असतो, पण २०११मध्ये मॅक्स ६सोबत 'जेन' नावाचा भाग आला, त्याच्या आत फीडबॅक एकेका सॅम्पलचा होतो. रिऍक्टरच्या 'कोअर' थरातही तसंच होतं, आणि तिथे बांधलेल्या फिल्टरांचा आवाज फार देखणा येतो, हे मान्य केलंच पाहिजे. सुपरकोलायडरमध्ये तारेचं तयार ऑब्जेक्ट मिळतं, त्याचा फीडबॅक त्याच्या आतल्या आत फिरत असल्यामुळे गठ्ठ्याचा त्रास होत नाही. फाउस्ट ही फ्रान्समधल्या ग्राम संस्थेत जन्मलेली भाषा तर अशा लूपसाठीच घडवल्यासारखी आहे, पण ती पूर्णपणे लिहायची भाषा आहे, म्हणून आत्ता बाजूला ठेवू.

आणि व्हीसीव्ही रॅक? तिथे तुम्ही रमलात याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. २०१७मध्ये आलेल्या या सॉफ्टवेअरने कित्येकांना पहिल्यांदा केबल हातात धरायला शिकवलं. त्यात प्रत्येक केबल एका सॅम्पलचा उशीर करते. म्हणजे फीडबॅक खूप आखूड ठेवता येतो, हा मोठाच फायदा. पण तो उशीर सुरात मिसळतो. सेकंदाला ४८,००० सॅम्पल धरा. हजार हर्ट्झच्या तारेला ४८ सॅम्पलचा फेरा लागतो. लूपमध्ये डिले, फिल्टर आणि मिक्सर असे तीन केबलचे टप्पे आले की फेरा झाला ५१चा आणि सूर उतरला ९४१ हर्ट्झवर, म्हणजे अर्ध्या स्वराहूनही थोडा अधिक. हेच शंभर हर्ट्झच्या तारेला फक्त दहा-अकरा सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) बेसूर करतं. खाली सुरेल, वर जाल तसं उतरत जाणारं वाद्य! तुम्ही प्रयोग केलेत तेव्हा वरच्या सप्तकात काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं असेल, तर कारण बहुधा हेच. तेवढे सॅम्पल डिलेमधून वजा केले की सूर जागेवर येतो.

रॅकमध्ये आणखी एक सोय आहे, जी बाकी कुठेही इतक्या साधेपणाने मिळत नाही. तिथे केबलमधून जे वाहतं ते सगळं एकाच जातीचं असतं, सगळंच व्होल्टेज. त्यामुळे ऐकता ऐकता विचार करता येतो. म्हणून रॅक काढून टाकू नका, नवी कल्पना सुचली की तिचा कच्चा खर्डा तिथेच करा. पण विद्यार्थ्यांना द्यायच्या वाद्याचं घर म्हणून मी ते सुचवत नाही. तुम्ही वापरलेली सगळी मॉड्यूल्स त्यांच्याकडेही लागतील, उघडल्यावर त्यांना वाद्याऐवजी फळ्यांची भिंत दिसेल, आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगइन म्हणून चालवायचं तर रॅकची पैसे भरून मिळणारी आवृत्ती लागेल किंवा कार्डिनल हा त्याचाच मोफत भाऊबंद वापरावा लागेल.

रिऍक्टर आणि मॅक्स ही दोन्ही नावं तुमच्या बाबतीत लिनक्समुळे मागे पडतात, कारण दोन्ही फक्त मॅक आणि विंडोजवर चालतात. रिऍक्टरचं वाद्य रिऍक्टरच्या बाहेर नेताच येत नाही, आणि शिक्षकाने शिष्याला द्यायच्या वाद्यासाठी मला हे बंधन फार जाचक वाटतं. मॅक्सचं तसं नाही. त्याच्या प्रत्येक ऑब्जेक्टसोबत चालता-बोलता मदत-पॅच असतो आणि शिकण्यासाठी इतकी नीट लिहिलेली सामग्री या जगात दुसरीकडे मी पाहिलेली नाही. तुम्ही एबलटन लाइव्हमध्ये संगीत रचत असता, किंवा वाद्यासोबत पडद्यावर चित्रंही हलवायची असती, तर मी न घुटमळता मॅक्स सांगितलं असतं. तो दरवाजा पुढेही उघडाच राहतो.

मित्राचा सल्ला वाईट नाही. जेम्स मॅकार्टनी यांचं १९९६चं सुपरकोलायडर २००२पासून मोफत आणि मुक्त आहे. त्यात आवाज काढणारा सर्व्हर आणि सूचना देणारी भाषा हे दोन वेगळे प्रोग्राम असतात, आणि तुमच्या बारा तरफा तिथे चार-पाच ओळींत होतात. बाराच्या जागी दोनशे करायच्या असतील तर एक आकडा बदलायचा. पण तुमचा हात तारेवर घडलेला आहे, सुरुवातीलाच स्वल्पविराम आणि कंस यांच्याशी झुंजत बसलात तर कान बाजूला पडेल. तुमच्या बाबतीत मला नेमकं हेच होऊ द्यायचं नाही. वर्षभराने तुम्हाला स्वतःहून वाटलं की हे जोडकाम आता लिहूनच टाकावं, तर त्या वेळी सुपरकोलायडर शिका. तोवर त्यातली निम्मी गोष्ट तुम्हाला पॅचमधून कळलेली असेल.

आता प्लगडेटाच का, ते सांगतो. आतलं इंजिन प्युअर डेटाचंच आहे, पण वरची पाटी नवी आहे: केबल नीट दिसतात, नॉब-स्लायडर नीट दिसतात, ऑब्जेक्टचं नाव टाइप करायला लागलं की सूचना येतात. मॅक, विंडोज, लिनक्स, तिन्हींवर चालतं, स्वतंत्र प्रोग्राम म्हणूनही आणि प्लगइन म्हणूनही, आणि मोफत आहे. मूळ प्युअर डेटाचा पडदा इतका रुक्ष आहे की चांगल्या वादकांनी तो पाहून पाठ फिरवलेली मला ठाऊक आहेत. त्या रुक्षतेचा आवाजाशी काही संबंध नाही, पण रोज संध्याकाळी जिच्यासमोर बसायचं ती जागा प्रसन्न असावी, हे मला महत्त्वाचं वाटतं.

यात एक खाच आहे. प्लगडेटासोबत 'एल्स' आणि 'सायक्लोन' नावाचे ऑब्जेक्टचे दोन मोठे संग्रह येतात. फार उपयोगी आहेत, पण मूळ प्युअर डेटात ते आपोआप नसतात. पूर्वी प्युअर डेटा एक्स्टेंडेड नावाचं असंच एक भरगच्च रूप होतं, २०१३च्या सुमारास त्याचं काम थांबलं, आणि त्यातल्या खास ऑब्जेक्टवर उभे असलेले कितीतरी पॅच नंतर उघडल्यावर ठिकठिकाणी तुटलेले निघाले. ज्यांनी फक्त मूळ ऑब्जेक्ट वापरले होते त्यांचं काही बिघडलं नाही. पॅचची फाईल म्हणजे साधा मजकूर असतो, तो सहजासहजी मरत नाही. म्हणून तारेचा लूप, तरफा, सूर ठरवण्याचा हिशोब, हा वाद्याचा गाभा शुद्ध मूळ ऑब्जेक्टमध्येच बांधा. सजावट, नॉब, प्रतिध्वनी यांच्यासाठी बाकीचे संग्रह हवे तेवढे वापरा.

शिकताना पहिली ठेच लागेल ती संदेशांच्या क्रमाची. प्युअर डेटात दोन प्रकारची वाहतूक असते: अखंड वाहणारा आवाज, आणि मधूनच येणारे संदेश. आवाजाच्या ऑब्जेक्टच्या नावाला शेवटी नागमोडी चिन्ह असतं, त्याची केबल जाड दिसते. संदेश घेणाऱ्या बहुतेक ऑब्जेक्टचं सर्वांत डावीकडचं तोंड 'गरम' असतं, बाकीची 'थंड'. थंड तोंडात आलेला आकडा नुसता साठवला जातो, गरम तोंडात काही आलं तरच ऑब्जेक्ट काम करतं. म्हणून उजवीकडचं आधी पोचलं पाहिजे. एकाच जागेहून दोन केबल काढल्यात तर आधी कोणती धावेल हे तुम्ही त्या कोणत्या क्रमाने जोडल्या होत्या त्यावर ठरतं, आणि ते पडद्यावर दिसत नाही. मॅक्समध्ये हाच क्रम ऑब्जेक्टच्या जागेवर ठरतो, उजवीकडचं आधी, त्यामुळे तिथे एखादा ठोकळा नुसता सरकवला तरी वागणूक बदलू शकते. दोन्हीकडे औषध एकच, 'ट्रिगर' नावाचं ऑब्जेक्ट. ते उजवीकडून डावीकडे ठरावीक क्रमानेच संदेश सोडतं. एका ठिकाणाहून दोन संदेश निघतायत असं दिसलं की ट्रिगर लावायचाच, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

मींडेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुमच्या वाद्याची खरी परीक्षा तिथे आहे आणि सॉफ्टवेअर कोणतंही घेतलं तरी हे चुकत नाही. मिडी ही वाद्यं आणि संगणक यांच्यातली सूचनांची भाषा, आणि साधा मिडी नॉब ० ते १२७ एवढंच बोलतो. त्यावर एक सप्तक पसरलंत तर प्रत्येक पायरी साडेनऊ सेंटच्या आसपास येते, आणि तुमच्या कानाला ती पायरी नक्की ऐकू येणार. सूर वर-खाली वाकवणाऱ्या पिच बेंडच्या चाकाला मात्र १६,३८४ पायऱ्या असतात. वर-खाली एकेक सप्तक धरलं तरी एक पायरी सेंटच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढी. तेव्हा मींड नेहमी पिच बेंडवर किंवा तेवढीच बारीक नोंद देणाऱ्या साधनावर घ्या. नॉब तरफांच्या जोराला, आसेला, छेडीच्या कडकपणाला ठेवा. प्रत्येक सुराला वेगळी मींड हवी असेल तर एमपीई हा मिडीचा प्रकार पाळणारं साधन पाहा, त्यात प्रत्येक सूर आपापल्या चॅनलवरून जातो.

मग तो आकडा डिलेपर्यंत कसा पोचतो तेही पाहायला हवं. प्युअर डेटातलं डिले वाचायचं साधं ऑब्जेक्ट पूर्ण सॅम्पलच मोजतं. वरच्या सुरांत त्याचा अर्थ असा की ४४ सॅम्पलला १००२ हर्ट्झ आणि ४५ला ९८०, मधलं काहीच नाही. जवळजवळ चाळीस सेंटची उडी! त्याऐवजी 'डेलरीड ४' हे ऑब्जेक्ट घ्या, ते शेजारच्या चार सॅम्पलवरून मधली किंमत काढतं, आणि लांबी आवाजाच्या केबलने घेतं. येणारा आकडा 'लाइन'च्या आवाजवाल्या रूपातून दहा-वीस मिलिसेकंदांत सरकत जाऊ द्या. मग मींड तुमच्या बोटासारखी वाहील. सूर नेहमी हर्ट्झमध्येच हिशोबात घ्या, म्हणजे बारा समान भागांच्या चौकटीत अडकायचा प्रश्नच राहणार नाही, आणि तरफा तुमच्या कानाला हव्या त्याच जागी मिळवता येतील.

तरफांसाठी 'क्लोन' हे ऑब्जेक्ट जणू तुमचंच पत्र वाचून लिहिलंय. एक तार बांधून ती वेगळ्या फाईलमध्ये ठेवायची आणि क्लोनला तिच्या बारा प्रती करायला सांगायचं. आवाजाची केबल एकदा जोडली की ती बाराही प्रतींना पोचते, आणि सगळ्यांचा आवाज एकत्र होऊन बाहेर येतो. संदेश पाठवताना आधी प्रतीचा क्रमांक आणि मग सूर लिहायचा, म्हणजे फक्त तीच तरफ हलते. मुख्य तारेचा अगदी थोडा अंश तरफांना द्या, शंभरात एक-दोन भागांपासून सुरुवात करा. वाजता वाजता तरफा सरकवायच्या ही तुमची जी मूळ कल्पना आहे, तिच्यासाठी बारा आकड्यांची एक यादी आणि तोच 'लाइन' एवढं पुरतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. फीडबॅकचा गुणक एकच्या वर गेला की आवाज काही क्षणांत कान फाटेल एवढा चढतो. लूप बांधत असताना हेडफोन लावू नका, स्पीकरचा आवाज कमी ठेवा, आणि बाहेर जाणाऱ्या आवाजाच्या अगदी शेवटी आवाज मर्यादेत कापणारं 'क्लिप' लावूनच पहिली केबल जोडा. तुमचा कान हे तुमचं पहिलं वाद्य आहे.

कामाचा क्रम मी असा ठेवेन. पहिले दोन आठवडे एकच तार, तीही माउसने छेडायची. नॉब नाहीत, रंग नाहीत, विद्यार्थ्यांसाठीचा देखणा पडदा नाही. ती तार तुम्हाला पंधरा मिनिटं सलग ऐकावीशी वाटली की मींड, मग पिच बेंड, आणि मगच तरफा. चेहरा सगळ्यांत शेवटी. या काळात दुसऱ्या सॉफ्टवेअरचे व्हिडिओ पाहू नका. आणि दोन आठवड्यांनी तार बोलतच नाही असं वाटलं, तर तीच एक तार सुपरकोलायडरच्या तयार ऑब्जेक्टमधून ऐका. फरक आवाजात आहे की तुमच्या जोडणीत, ते लगेच कळेल.

मंचाची काळजी आत्ता करू नका. ४८,०००च्या दराने बफर, म्हणजे साउंड कार्डाला एका वेळी जाणारा सॅम्पलचा गठ्ठा, १२८ ठेवला तर उशीर पावणेतीन मिलिसेकंदांच्या आसपास असतो, २५६ला सव्वापाच. त्यात साउंड कार्डाचा थोडा उशीर मिळतो, पण हा हिशोब सगळ्याच सॉफ्टवेअरना सारखा लागू आहे. पुढे कधी लॅपटॉपशिवाय वाजवावंसं वाटलं तर प्युअर डेटाचे पॅच रास्पबेरी पायवर आणि बेला या छोट्या बोर्डावर चालतात. डेझी नावाच्या बोर्डासाठी प्लगडेटातूनच पॅच तयार करून देता येतो, मात्र त्या वाटेने सगळे ऑब्जेक्ट जात नाहीत. गाभा मूळ ऑब्जेक्टमध्ये ठेवण्याचा आग्रह मी यासाठीही धरतोय.

विद्यार्थ्यांना देताना मुख्य पॅच, तारेची फाईल आणि वापरलेलं सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवा, आणि मुख्य पॅचच्या वरच्या कोपऱ्यात टिप्पणी म्हणून प्लगडेटाची आवृत्ती लिहा. लिनक्सवाल्या विद्यार्थ्याच्या संगणकावर पहिल्याच आठवड्यात, नुसती एक तार असतानाच, ते उघडून पाहा. तिथे काही अडलं तर अडलेला पॅच मला जसाच्या तसा पाठवा. स्क्रीनचा फोटो नको, कारण केबल कोणत्या क्रमाने जोडल्या ते फोटोत दिसत नाही, फाईलमध्ये दिसतं.